‘पाच वर्षांनी कुठे असाल?’ याचं उत्तर गेल्या मंगळवारात शोधा

पहिल्यांदाच मुलाखतीला निघालेली मंडळी तयारीला बसली, की सगळ्यात आधी एकच प्रश्न घेतात : ‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ त्याचं एक भारदस्त उत्तर लिहून काढतात आणि पाठ करतात. मग वळतात ‘काम करण्याची प्रेरणा कशातून मिळते?’ याकडे. तिथेही ‘नवीन शिकण्याची आवड’, ‘आव्हानं स्वीकारणं’ वगैरे येतं. तिसरा प्रश्न असतो ‘तुमचा कामाचा दिवस कसा जातो?’ हा. तो इतका सोपा वाटतो की त्याची तयारीच कुणी करत नाही.

मी काही वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही बसलो आहे. तिकडून सांगतो, हा क्रम उलटा हवा. आधी सवयी, मग प्रेरणा आणि सगळ्यात शेवटी ध्येय. समोरचा माणूस तीन वेगळे प्रश्न विचारतोय असं दिसलं, तरी त्याच्या मनात एकच असतो : ही व्यक्ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली, तर एखाद्या साध्या, काहीही विशेष न घडणाऱ्या दिवशी, समजा एखाद्या मंगळवारी, काय करेल? ‘मला मोठी टीम सांभाळायची आहे’ म्हणणाऱ्या उमेदवाराला मी पुढे विचारायचो, ‘तुमच्याकडे तोंडी काम आलं तर तुम्ही ते कुठे लिहून ठेवता?’ बरेच जण इथेच अडखळायचे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

आधी एक गोष्ट ओळखायला शिका

मुलाखतीतले प्रश्न साधारण दोन जातींचे असतात. एक, ‘असं झालं तर तुम्ही काय कराल?’ आणि दुसरा, ‘असं झालं होतं तेव्हा तुम्ही काय केलंत?’ दोन्ही पद्धतींवर १९८०च्या सुमारास बराच अभ्यास झाला. पहिल्या जातीवर गॅरी लॅथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली काम केलं, तर दुसरीवर टॉम जँझ यांनी १९८२ साली. दुसऱ्या जातीमागचा तर्क साधा आहे. माणूस पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधायचा, तर तो आजवर कसा वागला हे विचारावं.

तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं हे, की ‘काय केलंत?’ विचारल्यावर ‘मी नेहमी असं असं करतो’ हे उत्तर होत नाही. ‘नेहमी’ हा शब्द ऐकला की मुलाखतकार पेन खाली ठेवतो. त्याला एक दिवस, एक काम आणि एक अडचण ऐकायची असते. आणि ‘काय कराल?’ विचारलं तरी ‘मागे एकदा असंच झालं होतं, तेव्हा…’ म्हणून खरा प्रसंग सांगता आला, तर उत्तराला वजन येतं.

पायरी पहिली : दहा दिवसांची वही

मुलाखतीला दोन आठवडे असतील तर आजच वही घ्या. वेळ कमी असेल तर मागचे जितके दिवस आठवतील तितके लिहा. रोज संध्याकाळी पाच-सहा ओळी पुरतात. कोणतं काम आलं, कुणाकडून आलं, मी ते कधी हातात घेतलं, कुठे अडलं, कुणाला विचारलं, कधी संपलं. भारी शब्द नकोत. ‘यादी जुळवायला बसलो, दोन नोंदी जास्त निघाल्या, तास गेला, शेवटी एकच नोंद दोनदा टाकली होती असं कळलं’, एवढं चालेल. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा कच्चा माल हाच आहे.

नोकरी नसेल तरीही वही लिहायचीच. कॉलेजचा प्रोजेक्ट, इंटर्नशिप, एखादा कार्यक्रम पार पाडणं, शिकवण्या घेणं, घरातल्या आजारी माणसाच्या औषधांच्या वेळा सांभाळणं, या सगळ्यात काम येतं, अडतं आणि संपतं. मोठ्या खंडानंतर नोकरीकडे परतणाऱ्यांनाही हेच सांगेन. खंडाबद्दल दोन वाक्यांत स्वच्छ सांगा आणि वहीतल्या ताज्या नोंदींवर या.

पायरी दुसरी : सवयींचे चार प्रश्न

‘तुमचा दिवस कसा असतो?’ याच्या पोटात चार छोटे प्रश्न दडलेले असतात. काम आलं की त्याची नोंद कुठे होते? दोन कामं एकदम आली तर कोणतं आधी? मधेच कुणी हाक मारली तर? आणि वेळेत होणार नाही असं दिसलं तर?

पहिल्याचं उत्तर एका वाक्याचं आहे. खिशातली वही, मोबाईलमधली यादी, एक्सेलची शीट, काहीही सांगा, पण एकच जागा सांगा. ‘माझ्या लक्षात राहतं’ हे उत्तर खरं असलं तरी देऊ नका. तुमच्या लक्षात राहतं, पण तुम्ही आजारी पडलात तर शेजारच्याला कसं कळणार?

दुसऱ्या प्रश्नावर हमखास ऐकू येतं : ‘मी अर्जंट आणि इम्पॉर्टंट असा तक्ता करतो.’ आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखला जाणारा तो चार चौकोनांचा तक्ता आता प्रत्येक उमेदवाराला माहीत असतो. तंत्राचं नाव घ्यायला हरकत नाही, पण नाव घेतलं की पुढचा प्रश्न येणारच. कुणी मला सांगतं, ‘मी पोमोदोरो वापरतो’, म्हणजे फ्रान्चेस्को चिरिलो यांनी रूढ केलेली २५ मिनिटं काम आणि ५ मिनिटं विश्रांतीची पद्धत. तेव्हा मी विचारायचो, ‘विसाव्या मिनिटाला साहेबांचा फोन आला तर?’ ज्याने ती पद्धत खरंच वापरली आहे तो हसून सांगतो, ‘फोन घेतो, कुठे थांबलो ते एका ओळीत लिहितो आणि ती २५ मिनिटं सोडून देतो.’ ज्याने फक्त वाचलं आहे तो गोंधळतो. त्यामुळे तंत्राचं नाव न घेता प्रसंग सांगितलेला बरा : ‘गेल्या आठवड्यात दोन जणांची कामं एकाच दुपारची निघाली. मी दोघांनाही विचारलं, उशीर झाला तर कुणाचं काय अडेल? एकाचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी चालणार होतं. त्याचं मागे ठेवलं आणि तसं त्याला लगेच कळवलं.’ यात प्राधान्यक्रम आला, विचारणं आलं, कळवणंही आलं.

व्यत्ययाचा प्रश्न आला की बरेच जण अभिमानाने ‘मी मल्टीटास्किंग करतो’ म्हणतात. हे उत्तर जपून वापरा. सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवून दिलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं, की लक्षाचा काही भाग आधीच्या कामातच गुंतून राहतो. मुलाखत घेणाऱ्याने हे वाचलेलं नसेल, पण अनुभवलेलं नक्की असतं. ‘एका वेळी एकच करतो आणि उठताना कुठे थांबलो ते लिहितो’ हे जास्त विश्वासार्ह वाटतं. अर्थात ज्या पदाचं कामच व्यत्यय घेण्याचं आहे, म्हणजे रिसेप्शन, ग्राहकसेवा, हेल्पडेस्क, तिथे ‘मला मधे कुणी बोललेलं चालत नाही’ असा सूर लावू नका. तिथे हाक मारणारा ग्राहक हेच मुख्य काम.

आता चौथा. माझ्या मते सगळ्या मुलाखतीत यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न नाही, आणि गंमत म्हणजे तो क्वचितच थेट विचारला जातो. काम वेळेत होणार नाही हे तुम्ही कधी सांगता? डेडलाइन उलटून गेल्यावर, त्याच सकाळी, की दोन दिवस आधी? उशीर सगळ्यांनाच होतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ साली माणसाच्या एका खोडीला ‘नियोजनाचा भ्रम’ असं नाव दिलं : आधीची तशीच कामं लांबली होती हे माहीत असूनही आपण नव्या कामाचा अंदाज कमीच धरतो. म्हणून ‘माझं काम कधीच लांबत नाही’ यावर अनुभवी माणूस विश्वास ठेवणार नाही. त्याऐवजी असं काही खरं असेल तर सांगा : ‘माझे अंदाज कमी पडतात हे वही पाहून माझ्या लक्षात आलं. दोन तास म्हटलेलं काम तीन तास घ्यायचं. आता निम्मा वेळ संपला की मी थांबून बघतो, निम्मं काम झालंय का? नसेल तर तेव्हाच कळवतो, आणि नुसतं उशीर होईल असं न सांगता, आज काय देऊ शकतो आणि उरलेलं कधी, हेही सांगतो.’ या उत्तरात दोष कबूल केला आहे, तो कसा सापडला ते सांगितलं आहे आणि त्यावरचा उपायही सांगितला आहे. ‘तुमची कमकुवत बाजू कोणती?’ या प्रश्नालाही हेच उत्तर चालतं. ‘मी परफेक्शनिस्ट आहे’ मात्र आता कायमचं निवृत्त करा.

पायरी तिसरी : प्रेरणा, आणि पगाराचं काय?

इथे आपण सगळेच थोडे ताकाला जाऊन भांडं लपवतो. नोकरी पगारासाठी हवी असते हे समोरच्यालाही माहीत असतं, तोही पगारासाठीच तिथे बसलेला असतो. म्हणून पगाराबद्दल शरमू नका, पण या प्रश्नाचं उत्तर म्हणून तो सांगूही नका. त्याला वेगळी वेळ आहे. फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. पगार, कामाची जागा, नियम हे सगळं वाईट असेल तर माणूस नाराज होतो, पण ते चांगलं आहे एवढ्यानेच त्याला कामाचा हुरूप येतो असं नाही. हुरूप येतो तो कामातून, जबाबदारीतून, काहीतरी साधल्यातून. मुलाखतकार विचारतोय ते या दुसऱ्या गटाबद्दल. ‘पगार महत्त्वाचा आहेच, त्याबद्दल आपण बोलूच. पण रोज सकाळी काम हातात घ्यावंसं वाटतं ते…’ असं म्हणून पुढे जाता येतं.

त्या ‘ते…’ नंतर काय बोलायचं? वही उघडा. तीन ठिकाणी खुणा करा. पहिली, जिथे गरजेपेक्षा जास्त केलंत आणि कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी, जिथे वेळ कसा गेला ते कळलं नाही. तिसरी, जिथे काम टाळलंत. तिसरी खूण सगळ्यात बोलकी असते.

या खुणा वाचायला एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांची मांडणी कामी येते. त्यांच्या मते माणसाच्या आतल्या प्रेरणेला तीन गोष्टींचं खतपाणी लागतं. आपल्या मर्जीने काही ठरवता येणं, आपल्याला हे जमतंय असं वाटणं आणि आपण कुणाचे तरी आहोत ही भावना. तुमच्या खुणा यांपैकी कोणत्या बाजूला झुकतात ते पाहा. समजा, दुसऱ्याने केलेली किचकट शीट तुम्ही कुणी न सांगता सोपी करून दिली, तर ‘मला आव्हानं आवडतात’ म्हणण्यापेक्षा हे सांगा : ‘एखादी गोष्ट रोज पाच माणसांना त्रास देते आहे असं दिसलं की मला ती तशीच सोडून देववत नाही. मागच्या महिन्यात…’ आणि पुढे तो प्रसंग.

यानंतर चतुर मुलाखतकार हळूच विचारतो, ‘इथलं निम्मं काम कंटाळवाणं आहे. मग?’ घाबरू नका. तो तुम्हाला हाकलत नाहीये, बहुधा खरंच सांगतोय. इथे ‘मला कुठलंच काम कंटाळवाणं वाटत नाही’ हे उत्तर खोटं ठरतं. टाळलेल्या कामाची खूण आता बाहेर काढा : ‘जुन्या नोंदी तपासायचं काम मी तीन दिवस ढकललं. मग दिवसाची पहिली वीस मिनिटं त्याला देऊन टाकली, आठवड्यात संपलं.’ कंटाळा येतो हे कबूल केलं तरी चालतं, कारण कंटाळ्यातून काम बाहेर कसं काढता हे त्याला कळलेलं असतं.

पायरी चौथी : आता ध्येय

माझ्या पहिल्या मुलाखतीत मी ठणकावून सांगितलं होतं, ‘तीन वर्षांत मला टीम लीड व्हायचं आहे.’ समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, ‘टीम लीड दिवसभर काय करतो?’ मी गप्प. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. ती नोकरी मला मिळाली नाही हे सांगायला नको. तेव्हापासून एक कसोटी मनात पक्की झाली : ज्या पदाचा मंगळवार तुम्हाला सांगता येत नाही, ते पद ध्येय म्हणून सांगू नका.

ध्येय तीन पल्ल्यांत मांडा. जवळचं अगदी नेमकं, मधलं थोडं सैल आणि दूरचं फक्त दिशेपुरतं. एडविन लॉक यांनी १९६८ साली हेच मांडलं होतं, की ‘जमेल तितकं चांगलं करा’ असं मोघम सांगण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड ध्येय दिलं तर काम चांगलं होतं. स्मार्ट (SMART) ध्येयांची पाच अक्षरं, म्हणजे ध्येय कसं असावं याच्या पाच अटींची इंग्रजी आद्याक्षरं, तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असतील. जॉर्ज डोरन यांनी १९८१ साली ती मांडली तेव्हा त्यातल्या ‘ए’चा अर्थ ‘हे कोण करणार?’ असा होता. पुढे लोकांनी तो ‘साध्य होण्याजोगं’ असा बदलून टाकला. मला जुना अर्थच जास्त आवडतो, कारण मुलाखतीतल्या ध्येयांमध्ये ‘कोण करणार’ हेच बहुतेक वेळा हरवलेलं असतं. ‘माझी प्रगती व्हावी’ म्हणजे ती करायची कुणी?

तर, जवळचं : ‘पहिल्या तीन महिन्यांत तुमची नेहमीची कामं कुणाला न विचारता करता यावीत. माझ्या कामातल्या चुका मला सोडून दुसऱ्या कुणाला शोधाव्या लागू नयेत.’ मधलं : ‘वर्षभरात एखादं छोटं काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत माझ्या जबाबदारीवर असावं.’ दूरचं : ‘पुढे लोकांना शिकवण्याच्या बाजूने जायचं की एका विषयात खोल जायचं, हे मला अजून पक्कं माहीत नाही. आत्ता कल दुसऱ्याकडे आहे, कारण…’ आणि कारण म्हणून वहीतली खूण. ‘पक्कं माहीत नाही’ म्हणायला घाबरू नका. पाच वर्षांनंतरचं कुणालाच पक्कं माहीत नसतं, ज्यांनी प्रश्न विचारला त्यांनाही नाही. नुसतं ‘माहीत नाही’ एवढ्यावर थांबलात तर मात्र प्रश्न हवेतच राहतो.

एक अवघड प्रसंग राहतो. तुमचं खरं ध्येय या नोकरीच्या बाहेरचं असेल, म्हणजे पुढचं शिक्षण, स्पर्धा परीक्षा किंवा स्वतःचा व्यवसाय, तर सांगावं का? खोटं बोलू नका, पण मनातला प्रत्येक बेत मांडण्याचं बंधनही तुमच्यावर नाही. जे अजून ठरलेलंच नाही ते सांगायची गरज नाही. जे ठरलं आहे आणि ज्यामुळे वर्षभरात तुम्ही निघून जाणार आहात, ते लपवलंत तर पुढे संबंध बिघडतात, आणि एकाच क्षेत्रातली माणसं एकमेकांना पुन्हा पुन्हा भेटत राहतात. थेट विचारलं तर सरळ उत्तर द्या. आणि ‘पाच वर्षांनी तुमच्या खुर्चीवर’ हा विनोद करू नका, त्या खुर्चीवरच्या माणसाने तो कितीतरी वेळा ऐकलेला असतो.

पायरी पाचवी : तोंडाने बोलून पाहा

लिहिलेलं उत्तर आणि बोललेलं उत्तर यांत फार फरक असतो. मोबाईलवर रेकॉर्ड करा. एका उत्तराला दीड मिनिट, फार तर दोन. प्रसंग आणि तुमची जबाबदारी मिळून तीन-चार वाक्यांत संपवा, निम्म्याहून जास्त वेळ तुम्ही काय केलंत त्याला द्या, आणि शेवटी काय झालं ते सांगून थांबा. लांबलेली उत्तरं बहुतेक प्रसंगाच्या वर्णनातच अडकलेली असतात : ‘आमच्या ऑफिसात तेव्हा काय व्हायचं, की…’

रेकॉर्डिंग ऐकताना क्रियापदांकडे कान द्या. आपल्याला ‘करण्यात आलं’, ‘पाठवलं गेलं’, ‘ठरलं’ असं बोलायची सवय आहे. त्यात करणारा दिसत नाही. ‘रिपोर्ट पाठवण्यात आला’ म्हटलं की मुलाखतकाराला विचारावं लागतं, ‘कुणी पाठवला?’ तसंच ‘आम्ही’चं. ‘आम्ही केलं’ हा नम्रपणा झाला, पण तुमचा वाटा त्यात विरघळतो. ‘आम्ही चौघं होतो, आकडे जुळवायचं माझ्याकडे होतं’ असं म्हटलं की दोन्ही साधतं.

उत्तरं शब्दशः पाठ करू नका. प्रसंगाला एकेक नाव द्या, ‘दोनदा टाकलेली नोंद’, ‘दोघांची एकच दुपार’, असे सहा-सात प्रसंग पुरतात, आणि फक्त नावं लक्षात ठेवा. एकच प्रसंग सवयींच्या प्रश्नालाही चालतो आणि प्रेरणेच्याही. मात्र एकाच मुलाखतीत तो दोनदा वापरू नका. पॅनेलमधला कुणीतरी टिपून ठेवत असतो. शेवटी एकदा तिन्ही उत्तरं सलग ऐका. ध्येय म्हणतंय ‘मला लोकांना शिकवायचं आहे’ आणि वहीत दहा दिवसांत कुणाला काही समजावून सांगितल्याची एकही नोंद नाही, असं असेल तर बदलायचं ते ध्येयाचं वाक्य. वहीला हात लावायचा नाही.

तुमची विचारायची वेळ

‘काही विचारायचंय?’ म्हटल्यावर ‘नाही’ म्हणू नका. त्यांनी तुमचा मंगळवार विचारला, आता तुम्ही त्यांचा विचारा : ‘या पदावरच्या माणसाचा पहिला आठवडा साधारण कसा जातो?’ किंवा ‘आधी इथे जे होते त्यांचं कोणतं काम तुम्हाला सगळ्यात उपयोगी पडलं?’ उत्तर देताना ते अडखळले, एकमेकांकडे बघू लागले, तर तीही माहितीच आहे. काम ठरलेलं नसलेल्या जागी रुजू व्हायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

बाहेर पडलात की घरी जायच्या आधीच, जिन्यात किंवा बसमध्ये, विचारलेले प्रश्न त्याच वहीत उतरवून काढा, अडलेल्या प्रश्नापुढे खूण करा. संध्याकाळपर्यंत त्यातले निम्मे विसरलेले असतात.